धनुष्याचे काष्ठ आणि सांधा : मुदखेड-किनवट परिसराच्या संदर्भात

मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग भोकर, हिमायतनगर मागे टाकून किनवटच्या सागवनात शिरतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, आंध या जमातींचा हा प्रदेश. येथे बांबू आणि साग शेजारी वाढतात. परंतु धनुष्यासाठी त्यांची योग्यता सारखी नाही. ती का, याचा शोध घेतला असता धनुष्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी चिकटद्रव्याचा इतिहास आहे, असे दिसून येते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड व शिंग अशा चार द्रव्यांच्या धनुष्यांची नोंद आहे. पुढे दख्खनच्या सुलतानी व मोगल सैन्यांत जोड-धनुष्य रूढ झाले. त्यात मध्ये लाकूड, धनुर्धराकडील बाजूस शिंग, तर बाहेरील बाजूस स्नायूंचे तंतू असत. धनुष्य वाकले की बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते. स्नायू ताण सोसतो, शिंग दाब सोसते. हे सर्व जोडणारा सरस मात्र प्राणिज असल्याने पावसाळ्यातील दमट हवेत सैल पडे. भारतात पोलादी धनुष्ये घडविली गेली, त्यामागे हवामान हे एक प्रमुख कारण मानले जाते.

फायबरग्लासने हीच रचना नव्या द्रव्यांत उभी केली. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड बेअर यांच्यासारख्या निर्मात्यांनी काचतंतूंच्या पट्ट्यांचा वापर रूढ केला. शिंग व स्नायू या दोहोंची जागा काचेने आणि सरसाची जागा पुढे इपॉक्सीने घेतली. येथे लाकडाचे कार्यच बदलले. दोन्ही काचपट्ट्यांना परस्परांपासून दूर ठेवणे आणि त्यांच्यामधील सरक सोसणे, एवढेच त्याच्याकडे उरले. त्यामुळे बळकटीपेक्षा हलकेपणा, सरळ रेषा आणि चिकट धरण्याची क्षमता हे निकष महत्त्वाचे ठरले.

या कसोटीवर किनवटचा साग, इमारतीसाठी कितीही नावाजलेला असला तरी, अडचणीचा ठरतो. त्याच्या अंगचे तेल इपॉक्सीला धरू देत नाही. ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसल्याखेरीज सांधा भरवशाचा होत नाही. याउलट बांबूच्या सालीलगतचे तंतू दाट व सरळ असतात. त्याच्या पूर्ण वाळलेल्या, टोकाकडे क्रमाने पातळ होत जाणाऱ्या पट्ट्या गाभ्यास उत्तम. मुठीसाठी शिसवासारखे जड लाकूड चालते, मात्र तेही तेलकटच.

सांध्याबाबत अतिउत्साह घातक असतो. शिकंजा फार आवळला तर इपॉक्सी बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. मुठीच्या ठोकळ्याची टोके कागदाइतकी पातळ होत बाहूत मिसळली पाहिजेत. तेथे जाड कड राहिली तर धनुष्य नेमके तेथेच सुटते.

भारतीय धनुर्विद्या संघाची स्थापना १९७३ ची. राष्ट्रीय स्पर्धांतील 'इंडियन राउंड' प्रकारात बांबूचेच धनुष्य वापरतात. तेथून ऑलिंपिकच्या रिकर्व्ह धनुष्याकडे जाताना खेळाडूसमोर खर्चाची भिंत उभी राहते. स्थानिक बांबू व काचपट्टीचे घरगुती धनुष्य सरावापुरती ही दरी कमी करू शकते. परंतु बांबू मिळणे हाही प्रश्न होताच. १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला, आणि वनाबाहेर वाढणारा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला जाण्यास २०१७ साल उजाडावे लागले. वनस्पतिशास्त्र मात्र त्याला पूर्वीपासून गवतच म्हणत आले आहे.