कार्यप्रणाली, घरगुती संगणकाची (भिवंडी)

संगणकाचा प्रोसेसर, रॅम, कळफलक, प्रिंटर आणि त्यावर उघडलेले प्रोग्रॅम यांचा मेळ घालणाऱ्या मूळ आज्ञावलीला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरच्या डेस्कटॉपसाठी तिचे तीन मुख्य पर्याय आहेत : मायक्रोसॉफ्टची विंडोज, अॅपलची मॅकओएस आणि उबुंटू, मिंट यांसारख्या लिनक्सवर आधारलेल्या मोफत प्रणाली. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या गावात यांतली निवड आवडीवर कमी आणि तीन व्यावहारिक प्रश्नांवर अधिक ठरते. संगणक किती जुना आहे, घरात कोणत्या लिपीत लिहिले जाते आणि त्याच यंत्रावर धंद्याचा हिशेब चालतो का?

लिपी. भिवंडीत मराठी आणि हिंदीबरोबर उर्दू मोठ्या प्रमाणावर लिहिली-वाचली जाते; यंत्रमागांमुळे स्थायिक झालेल्या पद्मशाली कुटुंबांत तेलुगूही आहे. म्हणजे देवनागरी, उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दूची नस्तालिक आणि तेलुगू या तिन्ही लिप्यांची गरज एका गावात पडते.

विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा टंक मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. २०१९ च्या मे महिन्यातील अद्ययावतीकरणात विंडोज १० मध्ये मराठी आणि तेलुगूसह दहा भारतीय भाषांसाठी उच्चारानुसारी कळफलक आले, त्यामुळे रोमन अक्षरांवरून मराठी लिहिण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकण्याची गरज उरली नाही. उर्दूसाठी ‘उर्दू टाइपसेटिंग’ हा नस्तालिक वळणाचा टंक आहे. विंडोज १० मध्ये तो पर्यायी सोय म्हणून उतरवून घ्यावा लागतो. मॅकमध्ये ‘नोटो नस्तालिक उर्दू’ टंक आहे. लिनक्सवर हाच टंक मोफत बसवता येतो, आणि देवनागरी व तेलुगूसाठी रेड हॅटचे ‘लोहित’ टंक मिळतात. भारतीय मानकाचा इनस्क्रिप्ट कळफलक तिन्हींवर आहे.

छपाईची गोष्ट मात्र वेगळी. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, पत्रके यांचे डीटीपी अनेक वर्षे श्री-लिपी आणि उर्दूसाठी इनपेज यांवर झाले. हे दोन्ही विंडोजचे प्रोग्रॅम. त्यांच्या जुन्या फायली ज्याला पुन्हा उघडायच्या आहेत, त्याला विंडोज सोडणे परवडत नाही.

हिशेब. मागवाल्याचा, सूत व्यापाऱ्याचा किंवा वाहतूकदाराचा मुनीम घरीही टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडतो. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेली आहे. मॅक किंवा लिनक्सवर ती चालवायला आडवाटेने जावे लागते आणि अडचण आल्यावर दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडेलच असे नाही. विंडोजचे खरे बळ या सवयीत आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून राज्यातल्या असंख्य लोकांनी संगणकाची तोंडओळख करून घेतली, तीही मुख्यतः विंडोजवर.

यंत्राचे वय. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. दुसऱ्या हाताने घेतलेले किंवा दहा वर्षांपूर्वी असेंबल केलेले अनेक संगणक इथेच अडतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक त्यानंतरही चालतो, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या थांबतात आणि अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा योजना जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली.

अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उपयोगी आहे. ती २ जीबी रॅमवर चालू होते, ४ जीबीवर सुखाने चालते. लिब्रेऑफिस, ब्राउझर आणि व्हिडिओ प्लेयर सोबतच येतात. पेनड्राइव्हवरून थेट चालवून पाहता येत असल्याने हार्डडिस्कला हात न लावता प्रिंटर, वाय-फाय आणि आवाज तपासता येतो. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणालीही मराठीसह भारतीय भाषांसाठी बनलेली आहे.

खर्च. मॅकओएस वेगळी विकत घ्यावी लागत नाही, पण ती अॅपलच्याच यंत्रावर अधिकृतपणे चालते, म्हणून तिची किंमत म्हणजे मॅकची किंमत. २०२० पासून अॅपल स्वतःच्या चिपकडे वळली, आणि २०२५ ची ‘टाहो’ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. जुना इंटेल मॅक स्वस्तात घेणाऱ्याने हे आधी पाहावे. विंडोजचा परवाना विकत घ्यावा लागतो. दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ क्रॅक आवृत्ती फुकट दिसली, तरी तिच्यासोबत काय आले हे कळायला मार्ग नसतो. लिनक्सला परवान्याचा खर्च नाही.

निवड. घरी टॅली किंवा जुने डीटीपी असेल, तर विंडोज ११ पेलणारा संगणक आणि अधिकृत परवाना घ्यावा. मुलांचा अभ्यास, पत्रलेखन, ब्राउझिंग एवढेच काम असेल आणि संगणक जुना असेल, तर मिंट पुरेशी आहे. नवीन मॅकसाठी खर्चाची तयारी असेल आणि धंद्याचे प्रोग्रॅम आड येत नसतील, तरच मॅक. कोणतीही प्रणाली बदलण्याआधी फोटो आणि हिशेबाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी; फॉरमॅट मारल्यावर त्या परत मिळतीलच याची खात्री नसते.