पद आधी की पदवी आधी? सार्वजनिक आरोग्याच्या नोकऱ्यांची कुळकथा

बारावीनंतर काय, या प्रश्नाला वैद्यक आणि अभियांत्रिकी ही उत्तरे शिक्षकांना पाठ असतात. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका नावाची भर पडली आहे. सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे 'एमपीएच', आता देशातील अनेक विद्यापीठांत मिळते. २०२० मधील कोविडच्या साथीनंतर तर साथरोगशास्त्र हा शब्द घरोघरी पोहोचला. विज्ञान, परिचर्या, दंतवैद्यक, संख्याशास्त्र, समाजकार्य अशा कितीतरी शाखांचे विद्यार्थी या पदवीकडे वळत आहेत. पदवी हाती आल्यावर मात्र त्यांच्यापुढे पेच उभा राहतो. डॉक्टरला दवाखाना, वकिलाला न्यायालय आणि शिक्षकाला शाळा असते. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीधराने अर्ज कोठे करायचा?

हा पेच त्या विद्यार्थ्याच्या कर्तबगारीचा नाही, त्या विषयाच्या स्वभावाचा आहे. आजारी माणूस बरा झाला की डॉक्टरचे पैसे खुशीने देतो. पण जो आजार झालाच नाही त्याचे पैसे कोण देणार? शुद्ध पाण्यामुळे ज्याला कॉलरा झाला नाही, त्याला आपण वाचलो हे कळतही नाही. म्हणून या कामाला गिऱ्हाईक नसते. पगार देणारा असतो तो समाज, आणि समाज म्हणजे नगरपालिका, सरकार किंवा एखादी विश्वस्त संस्था. तेव्हा हे पद कोणी, कशासाठी आणि कोणत्या अटींवर निर्माण केले, हे पाहिल्याशिवाय या पदवीचे मोल कळत नाही. त्यासाठी आपण पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ.

लिव्हरपूल : आधी पद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिव्हरपूल हे इंग्लंडमधील भरभराटीचे बंदर होते. त्याच शहरात हजारो कामगार कुटुंबे ओलसर तळघरांत आणि कोंदट चौकांभोवतीच्या घरांत राहत होती. विल्यम हेन्री डंकन हे तेथील गरिबांच्या दवाखान्यात काम करणारे डॉक्टर. रोगी गल्लीबोळांनुसार मोजले तर आजार कोठे साचतो हे दिसते, असे त्यांच्या ध्यानात आले. १८४३ मध्ये त्यांनी शहरातील मृत्युदराच्या कारणांवर व्याख्याने दिली. रोग दुर्गंधीमुळे पसरतात अशी त्या काळची समजूत होती आणि डंकनही तेच मानत. ती समजूत पुढे चुकीची ठरली, पण घाण हटवा, पाणी आणा, गटारे बांधा हा त्यांचा निष्कर्ष मात्र उपयोगी ठरला.

१८४६ मध्ये लिव्हरपूलसाठी स्वतंत्र आरोग्य कायदा झाला आणि १ जानेवारी १८४७ पासून डंकन शहराचे आरोग्याधिकारी झाले. ब्रिटनमधील हे अशा प्रकारचे पहिले पद. सुरुवातीला पगार वर्षाला ३०० पौंड होता आणि खाजगी व्यवसायाची मुभा होती. गृहमंत्र्यांनी या अर्धवेळ नोकरीला आक्षेप घेतला. पुढच्या वर्षी पद पूर्णवेळ झाले आणि पगार ७५० पौंड ठरला. मधल्या काळात आयर्लंडमधील दुष्काळामुळे सुमारे ३ लाख माणसे एका वर्षात या बंदरात उतरली होती आणि टायफस या उवांमार्फत पसरणाऱ्या तापाने शहरात हाहाकार माजवला होता.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. त्या कायद्याने एकटा डॉक्टर नेमला नाही. डंकन यांच्याबरोबर जेम्स न्यूलँड्स हे अभियंता आणि टॉमस फ्रेश हे स्वच्छता निरीक्षक होते. एकाने आजार मोजायचे, दुसऱ्याने गटारे आखायची, तिसऱ्याने घरोघर जाऊन घाण शोधायची. सार्वजनिक आरोग्य हे फक्त डॉक्टरांचे क्षेत्र नाही, हे या पहिल्या तुकडीतच दिसते.

पदामागून परीक्षा

१८४८ च्या इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्य कायद्याने इतर गावांनाही असा अधिकारी नेमता येऊ लागला, पण सक्ती नव्हती. बऱ्याच गावांनी खर्च वाचवला. १८७२ च्या कायद्याने मात्र प्रत्येक आरोग्य विभागाला अधिकारी नेमणे भाग पडले. एकाएकी शेकडो जागा तयार झाल्या. त्या भरायच्या कोणी, तर बहुतेक ठिकाणी गावातल्याच एखाद्या डॉक्टरने, फावल्या वेळात.

या कामाला वेगळे शिक्षण लागते, ही जाणीव तेव्हाच मूळ धरत होती. १८७१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने आणि १८७५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने सार्वजनिक आरोग्याची खास परीक्षा सुरू केली. ही पदविका म्हणजे 'डीपीएच'. तिला खरी किंमत आली ती १८८८ च्या कायद्याने. १८९२ पासून ५०,००० हून अधिक वस्तीच्या भागात आरोग्याधिकारी व्हायचे तर ही पदविका हवीच, असे त्यात ठरले. आता विद्यार्थ्याला आपला मार्ग स्पष्ट दिसू लागला. कायद्याने पद दिले, पदाने परीक्षेला अर्थ दिला.

खरे बोलण्याची किंमत

पद मिळाले म्हणजे सारे झाले असे नाही. अधिकाऱ्याला नेमणारे नगरसेवक पुष्कळदा गावातले घरमालक असत. त्यांच्याच चाळी राहण्यास अयोग्य आहेत असा अहवाल अधिकाऱ्याने द्यायचा, आणि त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही हे त्यांनी ठरवायचे! हेन्रिक इब्सेन यांनी १८८२ मध्ये लिहिलेल्या नाटकात नेमके हेच संकट आहे. गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे हे शोधून काढणारा वैद्यकीय अधिकारी गावाचा शत्रू ठरतो आणि नोकरी गमावतो. सत्यजित राय यांनी त्यावर १९८९ मध्ये 'गणशत्रू' हा चित्रपट केला.

ब्रिटनमध्ये १९२१ साली यावर उपाय म्हणून कायदा झाला. आरोग्याधिकाऱ्याला केंद्रीय मंत्रालयाच्या संमतीवाचून काढता येणार नाही, असे ठरले. म्हणजे डंकन यांच्या नेमणुकीपासून ७४ वर्षे गेली. नोकरीची शाश्वती ही येथे केवळ नोकरदाराची सोय नसते. साथ आली आहे हे वेळेवर आणि स्पष्ट सांगणारा माणूस हवा असेल, तर त्याला सांगता येईल अशी जागाही द्यावी लागते.

अमेरिकेची उलटी वाट

अमेरिकेत गाडी दुसऱ्या टोकाकडून सुटली. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिचे प्रमुख विक्लिफ रोझ हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. आरोग्याच्या कामाला पूर्णवेळ, शिकलेली माणसेच मिळत नाहीत हे त्यांना या मोहिमेत दिसले. १९१५ मध्ये त्यांनी आणि विल्यम वेल्च यांनी स्वतंत्र शिक्षणसंस्थेचा आराखडा मांडला. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अशी संस्था स्थापन झाली आणि १९१८ मध्ये तिचे वर्ग भरू लागले. डॉक्टर नसलेल्यांनाही तेथे प्रवेश होता.

येथे पदवी आधी आली. पण पद मागून यावेच लागले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने केंद्र सरकारचा पैसा राज्यांच्या आरोग्यखात्यांना आणि त्यांच्या माणसांच्या प्रशिक्षणाला मिळू लागला, तेव्हा या शिक्षणाला भरती आली. वाट सुलटी असो वा उलटी, कायदा आणि निधी यांच्याशी गाठ पडल्याखेरीज पदवीला पाय फुटत नाहीत.

आपल्याकडे

मुंबई नगरपालिकेत आरोग्याधिकाऱ्याचे पद १८६० च्या दशकापासून आहे. प्लेगच्या काळात या शहराने आणखी एक धडा पाहिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांचे पद गेले. ती बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, असे पुढे उजेडात आले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते दोषमुक्त झाले. पण मुंबईतील जागा त्यांना परत मिळाली नाही, ते कलकत्त्याला गेले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. नाव मिळाले, नोकरी नाही!

१९३२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने कलकत्त्यात अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था सुरू झाली. १९३९ मध्ये मद्रास प्रांताने सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला. १९४६ च्या भोर समितीने उपचार आणि प्रतिबंध ही कामे एकत्र करावीत अशी शिफारस केली. हेतू चांगला होता. पण दोन्ही कामे एका छपराखाली आली की समोर उभ्या असलेल्या रोग्याकडे आधी लक्ष जाते आणि न झालेला रोग मागे पडतो. तमिळनाडूने मात्र सार्वजनिक आरोग्याचे वेगळे संचालनालय आणि त्यासाठी शिकलेल्या अधिकाऱ्यांची वेगळी फळी टिकवून ठेवली.

१९९७ मध्ये तिरुअनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात एमपीएच सुरू झाली, आणि पुढे अशा अभ्यासक्रमांची संख्या वाढत गेली. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक, माहिती व्यवस्थापक अशा जागा निर्माण केल्या. पण त्या मुख्यतः कंत्राटी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र सेवासंवर्ग असावा असे म्हटले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शिका काढली. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे पुढचे पाऊल प्रत्येक राज्याने टाकायचे आहे. थोडक्यात, आपल्याकडे पदवी पुढे निघाली आहे आणि पद मागून येते आहे.

जाहिरात कशी वाचावी?

या इतिहासातून विद्यार्थ्याला काही प्रश्न मिळतात. ते पदवीला प्रवेश घेण्यापूर्वीच विचारावेत असे आम्हाला वाटते, कारण शुल्क आधी भरावे लागते आणि नोकरी नंतर शोधावी लागते.

पहिला प्रश्न : जाहिरातीत एमपीएच ही आवश्यक पात्रता आहे की 'असल्यास प्राधान्य' एवढेच? आणि तिच्याआधी वैद्यकीय पदवी मागितली आहे का? पाच-सहा महिन्यांच्या जाहिराती जमवून हे तपासता येते. दुसरा : पगाराचा पैसा कोठून येतो? सरकारच्या कायम अंदाजपत्रकातून, ठरावीक मुदतीच्या प्रकल्पातून की देणगीतून? प्रकल्प संपला की जागा संपते. तिसरा : अहवाल कोणाला द्यायचा, आणि तो त्यांना न रुचल्यास काय होईल? चौथा : पदवीशिवाय आपल्या हातात कोणते कौशल्य आहे? आकडेवारी, प्रयोगशाळेतील काम, डासांचा अभ्यास, पाणी आणि सांडपाणी यांचे तंत्र, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे, यांपैकी एक तरी पक्के हवे. लिव्हरपूलच्या तिघांपैकी प्रत्येकाला असे एक काम येत होते.

सगळ्याच कंत्राटी नोकऱ्या टाळाव्यात असे आम्ही म्हणणार नाही. जिल्ह्यात दोन वर्षे काम केलेल्या तरुणाला साथ कशी शोधायची हे जितके कळते तितके वर्गात कळत नाही. मात्र आपण कशावर सही करतो आहोत हे ठाऊक असावे.

शिक्षकांसाठी एक छोटा उपक्रम सुचवतो. आपल्या नगरपालिकेत किंवा तालुक्यात आरोग्याधिकाऱ्याचे पद आहे का, ते भरलेले आहे का, त्यासाठी कोणते शिक्षण लागते आणि नेमणूक कोण करते, हे विद्यार्थ्यांना शोधून काढायला सांगा. उत्तरे वर्गात फळ्यावर लिहा. आपल्या गावात पुढची साथ सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल, आणि ती व्यक्ती ते मोकळेपणाने सांगू शकेल का, याचा अंदाज त्या फळ्यावरून येईल.