घारीच्या वाटेने : परदेशातील डोंगर आणि ग्लायडिंग

हिवाळ्यात सकाळी दहानंतर गोरेगावच्या आरे कॉलनीत मान वर केली, तर पंख न हलवता घिरट्या घालीत वर चढणाऱ्या घारी दिसतात. उन्हाने तापलेली जमीन आपल्यालगतची हवा तापवते, ती हलकी होऊन वर उठते आणि घार त्या झोतावर स्वार होते. या झोताला 'थर्मल' म्हणतात. इंजिनाविना उडणाऱ्या माणसाचे शास्त्रही या झोतावर आणि डोंगराला धडकून वर वळणाऱ्या वाऱ्यावर उभे आहे. आरेतून मात्र माणसाला उडता येत नाही. विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि मुंबईत पॅराग्लायडरवर पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. साहजिकच उपनगरातील हौशी मंडळी कामशेत गाठतात किंवा परदेशी सहलीत ही हौस भागवतात.

ग्लायडिंग या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. ताठ पंखांचे, बंदिस्त बैठकीचे विमान म्हणजे ग्लायडर. पुण्याजवळ हडपसरच्या केंद्रात ते विंचच्या तारेने खेचून आकाशात सोडले जात असे. नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेला त्रिकोण म्हणजे हँगग्लायडर. आणि घडी करून पाठीवर नेता येणारे कापडी पंख म्हणजे पॅराग्लायडर. १९७८ मध्ये फ्रान्समधील म्युसी गावच्या डोंगरावरून पॅराशूटधारकांनी धावत उड्या घेतल्या, तेथून हा प्रकार रुजला. शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्चून पॅराग्लायडर नऊ-दहा किलोमीटर जातो, तर उत्तम ग्लायडर चाळीसहून अधिक. पर्यटकाच्या वाट्याला बहुधा येते ते पॅराग्लायडिंगच, तेही प्रशिक्षित वैमानिकाच्या पुढे बांधून घेऊन.

स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन हे त्याचे मराठी पर्यटकांना परिचित ठिकाण. थून आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मधोमध वसलेल्या या गावावरील बिआटेनबर्गच्या उतारावरून उड्डाण होते आणि गावातल्या होहेमाट्टे या मोकळ्या कुरणावर पाय टेकतात. नेपाळमधील पोखरा येथे सारंगकोटवरून फेवा तलावाकडे, तुर्कस्तानात बाबादाग पर्वतावरून ओलुदेनिझच्या किनाऱ्याकडे असाच प्रवास होतो.

अडचण अशी, की सहलीच्या कार्यक्रमात इंटरलाकेनला अनेकदा एकच दिवस असतो आणि वारा कोणाचे वेळापत्रक पाळत नाही. आल्प्समध्ये 'फोन' नावाचा उष्ण, कोरडा वारा पर्वतरांगा ओलांडून दऱ्यांत कोसळतो. त्या दिवशी आकाश निरभ्र, शिखरे स्वच्छ आणि तरीही उड्डाणे बंद! पर्यटकाला यात व्यापाऱ्याचा आळस दिसतो. वस्तुतः पॅराग्लायडरचा सर्वसाधारण वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर असतो. समोरचा वारा तेवढाच झाला तर तो जागीच थांबतो, अधिक झाला तर मागे, डोंगराआडच्या भोवऱ्यांत ढकलला जातो.

ढगांचा धोका याहून फसवा. फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मनिला येथे स्पर्धापूर्व सराव करताना जर्मन वैमानिक एवा विश्निएरस्का हिला वादळी ढगाने सुमारे ९,९०० मीटर उंचीवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर खेचून नेले. बेशुद्धावस्थेत, बर्फाने माखून ती वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी वैमानिक वाचला नाही. ती त्या काळची नामांकित स्पर्धक होती, हे विसरता कामा नये.

म्हणून परदेशी डोंगरावर पैसे मोजण्यापूर्वी कामशेतला काही दिवसांचा प्राथमिक वर्ग करणे हा शहाणपणाचा मार्ग होय. मुंबईहून सुमारे ११० किलोमीटरवरील या मावळ भागात पवना धरणाच्या परिसरातील टेकड्यांवर ऑक्टोबर ते मे असा हंगाम असतो; पावसाळ्यात उड्डाणे थांबतात. पहिला बराच वेळ मैदानावर पंख डोक्यावर तोलून धरण्यातच जातो आणि अनेकांना तो कंटाळवाणा वाटतो. परंतु वारा अंगाने ओळखण्याची सवय येथेच लागते.

ज्यांना एकदाच, वैमानिकासोबत उडायचे आहे त्यांनी घोटा झाकणारे बूट घालावेत, वैमानिकाचा परवाना पाहावा, आपले वजन खरे सांगावे आणि उतारावर 'पळा' म्हटल्यावर पाय हवेत जाईपर्यंत पळत राहावे. आधीच बसकण मारणाऱ्यांमुळे उड्डाण फसते. प्रवास विमाही नीट वाचावा. अनेक साध्या पॉलिसींत साहसी खेळांतील अपघात वगळलेले असतात आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च मग कुटुंबावर पडतो. शक्य तर मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, म्हणजे पहिला दिवस वाऱ्याने हिरावला तरी दुसरा उरतो.