परमपासून रुद्रपर्यंत

रायपूरच्या शंकरनगरातील एखाद्या घरी संगणकाची पेटी उघडून पाहिली, तर आत प्रथम दृष्टीस पडतो तो एक सपाट फलक. तांब्याच्या बारीक रेषांचे जाळे त्यावर पसरलेले असते आणि प्रोसेसर, स्मृती, वीजपुरवठा ही सारी त्याच्याच आधाराने एकमेकांशी बोलत असतात. ह्या फलकाला मदरबोर्ड म्हणतात. लौकिक मात्र मिळतो तो प्रोसेसरला. राजाचे नाव बखरीत राहावे आणि कारभाऱ्याचे विसरले जावे, तसाच हा प्रकार आहे.

वस्तुतः कारभाऱ्याचे काम सोपे नाही. तीन अब्ज ठोक्यांच्या गतीने चालणाऱ्या यंत्रात एका ठोक्याच्या अवधीत विजेचा संकेत ह्या फलकावरून जेमतेम पाच सेंटिमीटर अंतर तोडतो. म्हणूनच स्मृतीकडे जाणाऱ्या समांतर रेषांची लांबी काटेकोर जुळवावी लागते. नाहीतर एकाच शब्दाची अक्षरे मागेपुढे पोहोचतात. जलद प्रोसेसरला सुमारे एक व्होल्ट दाबाने शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. तो क्षणाक्षणाला कमीजास्त होत असूनही दाब ढळता कामा नये. कारखान्याने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे आपल्या संगणकाला पळवू पाहणारे शौकीन प्रोसेसराइतकीच मदरबोर्डाची पारख करतात, त्याचे कारण हेच. हौशी मनुष्याचा हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर राष्ट्रापुढे उभा राहिला, तेव्हा त्याचे उत्तर पुण्यात शोधले गेले.

त्यापूर्वीही एक प्रयत्न झाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली निर्वात नळ्यांचा एक संगणक बांधून पूर्ण झाला आणि पुढे त्याला टिफरॅक हे नाव मिळाले. यंत्र उत्तम चालले. परंतु तोवर जगात ट्रान्झिस्टरचे युग सुरू झाले होते. यंत्र आपण बांधू शकतो हे ह्या प्रयत्नाने सिद्ध केले. वेळेवर बांधणे ही निराळी परीक्षा असते, हेही शिकविले.

ती दुसरी परीक्षा १९८०च्या दशकात आली. महासंगणक अण्वस्त्रांच्या व क्षेपणास्त्रांच्या गणितासाठी वापरला जाईल, ही अमेरिकेची शंका होती. हवामानाच्या कामासाठी दिल्लीला एक क्रे यंत्र मिळाले, तेही कडक अटींवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे असलेले अधिक शक्तिमान यंत्र मात्र मिळाले नाही. त्यानंतर १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. मुदत तीन वर्षांची आणि खर्च तीस कोटी रुपयांचा. नेतृत्व होते अकोला जिल्ह्यात १९४६ साली जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे.

एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याची साधने देशात नव्हती. म्हणून ह्या मंडळींनी अनेक लहान प्रोसेसरांना एका कामावर जुंपण्याचा मार्ग धरला. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर त्यांच्या उपयोगी पडला. कारण शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी त्याच्या अंगीच चार दुवे होते. असे ट्रान्सप्यूटर फलकांवर बसवून, ते परस्परांस जोडून आणि एका कामाची वाटणी करणाऱ्या आज्ञावली रचून १९९१ साली परम ८००० सिद्ध झाला. पुढे ह्या जातीचे यंत्र रशियातही गेले.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. प्रोसेसर ब्रिटिश असताना यंत्र स्वदेशी कसे? ह्या आक्षेपात तथ्य आहे. तथापि ते अर्धेच. चिप बाजारात विकत मिळत होती, ती विकत घेणाऱ्या प्रत्येकापाशी महासंगणक मात्र नव्हता. पुण्याचे कर्तृत्व होते ते जोडणीत.

पुढील काळात हे कर्तृत्वही काहीसे झाकोळले. परम नावाची यंत्रे होत राहिली, परंतु त्यांतील सर्व्हर बव्हंशी बाहेरून घेतलेले असत. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू झाले आणि सी-डॅकने सर्व्हरचा फलक स्वतः आखण्याचे ठरविले. त्यातून रुद्र हा सर्व्हर उभा राहिला. त्याच्या मदरबोर्डावर इंटेलचे दोन झिऑन प्रोसेसर बसतात. प्रोसेसर अमेरिकेचा, पण त्याखालच्या फलकाची आखणी येथली. अशा सर्व्हरांचे तीन परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रार्पण केले. पुणे, दिल्ली व कोलकाता ही त्यांची ठिकाणे. पुण्याचे यंत्र जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. मुसळधार पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा त्या दिवशी रद्द झाला आणि हा समारंभ दूरदृश्य माध्यमातून पार पडला.

त्याच दिवशी अर्क व अरुणिका ही हवामानाची दोन यंत्रेही कार्यान्वित झाली. परमहून ती कितीतरी मोठी. परंतु ती फ्रेंच कंपनीची होती. ही नोंद कमीपणाची नसून उरलेल्या कामाची आहे. ज्या पावसाच्या गणितासाठी एकेकाळी क्रे यंत्रासाठी अटी मान्य कराव्या लागल्या, त्याच पावसाच्या गणितासाठी अजूनही मोठे यंत्र बाहेरून येते. छत्तीसगडातला धानाचा शेतकरी किंवा विदर्भातला कापूसवाला उद्याच्या आभाळाकडे पाहतो, तेव्हा त्या अंदाजामागे कोणाचा फलक आहे हे तो विचारीत नाही. त्याने विचारण्याचे कारणही नाही. तथापि ज्या दिवशी दुसरा कोणी यंत्र देण्यास नकार देतो, त्या दिवशी त्याच प्रश्नाचे उत्तर शेतापर्यंत जाऊन पोहोचते. १९८८ साली पुण्यात जे काम हाती घेतले गेले, त्याचे मोल ह्या एका गोष्टीत आहे.