सीताबर्डीच्या माळावर पोरांसोबत

रणभूमी पाहायला जायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पानिपत तरी येते, नाहीतर पावनखिंड. गोंदियाच्या माणसाला दोन्ही दूरच. पण ज्या ठिकाणी आपल्या मुलखाचे दैव एका रात्रीत फिरले, ती जागा गोंदियाहून आगगाडीने सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आतच आहे. एवढेच की ती नागपूरच्या ऐन बाजारात असल्यामुळे कुणाला रणभूमी वाटत नाही. तिच्या पायथ्याशी लोक लुगडी घेतात, चपला घेतात, पोह्यांवर तर्री ओतून घेतात आणि घरी जातात. ती जागा म्हणजे सीताबर्डी.

गोंदियाचा आणि सीताबर्डीचा काय संबंध, असे कुणी विचारील. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला; पण सरकारी कागदावर रेघ कुठेही ओढली तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांचा होता. त्यांची सत्ता खऱ्या अर्थाने संपली ती सीताबर्डीला. पुढे गादीवर राजे बसले, पण कारभार रेसिडेंटसाहेबाच्या हाती गेला. तेव्हा ही लढाई आपल्या घरचीच समजायला हरकत नाही.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी आत जाता येत नाही. राष्ट्रीय सणांसारख्या मोजक्या दिवशीच त्याचे दार सर्वांना उघडते. म्हणून पंधरा ऑगस्टचा मुहूर्त धरला. सोबत नातू माधव, वय वर्षे दहा. नात सुमी, आठ. आणि शेजारचा गोट्या, सहा. गोट्याला लढाईपेक्षा आगगाडीचेच आकर्षण अधिक होते, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

पोरांना इतिहास सांगण्याबद्दल माझे एक मत आहे. जागेवर गेल्यावर व्याख्यान देऊ नये. तेथे त्यांना धावू द्यावे. सांगायचे ते वाटेत सांगावे. गाडी तिरोडा सोडून वैनगंगेच्या पुलावर आली, रोवणी झालेल्या बांध्या हिरव्यागार दिसू लागल्या, आणि मी सुरुवात केली.

दुसरे रघूजी भोसले १८१६ साली वारले. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने दुबळा. त्याचा चुलतभाऊ मुधोजी, ज्याला सारे अप्पासाहेब म्हणत, त्याने कारभार हाती घेतला, आणि आपले आसन बळकट व्हावे म्हणून २७ मे १८१६ रोजी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढे १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी आपल्या शय्येवर मेलेला आढळला. त्याचा खून झाला होता, आणि तो अप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला, असे इतिहासकार मानतात. हे पोरांना सांगावे की नाही, याचा मी तुमसर रोडपर्यंत विचार केला, आणि सांगितले. सुमीने एकच विचारले, "मग तो वाईटच होता का, आबाजी?" मी म्हटले, पुढे ऐक.

पुण्यात बाजीराव पेशव्यांनी ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीस इंग्रजांशी लढाई दिली. त्याच महिन्याच्या २४ तारखेला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे दरबार भरवून उघडपणे स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स समजायचे ते समजला. त्याच्यापाशी फौज होती सुमारे १,४००: मद्रासची दोन शिपाई पलटणे आणि बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या. सेनानी होता लेफ्टनंट कर्नल स्कॉट. भोसल्यांकडे १८,००० च्या घरात माणूस, त्यांत तीन-चार हजार अरब. जेन्किन्सची कोठी सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी होती. शहर पलीकडे, पूर्वेला. मध्ये शुक्रवारी तलाव. स्कॉटने आपली माणसे टेकड्यांवर चढवली.

टेकड्या, अनेकवचनी. हे पोरांना नीट समजणे आवश्यक होते. एक मोठी, एक लहान, मध्ये अरुंद पाठीसारखा उंचवटा. तेव्हा तेथे किल्ला नव्हता, तट नव्हता, झाड नव्हते. उघडा, खडकाळ माळ, आणि खाली वस्तीची घरे. कडक जमिनीत खंदक खणायलाही सवड मिळाली नाही. लहान टेकडीवर धान्याची पोती रचून कसाबसा आडोसा केला होता. माधवने डब्यातल्या दोन पुऱ्या उलट्या ठेवून टेकड्या केल्या. गोट्याने त्यांतली लहान टेकडी खाऊन टाकली. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. कारण त्या रात्री सारा मार लहान टेकडीवरच होता.

कन्हान ओलांडून कामठी आली. कामठीची छावणी १८२१ सालची, म्हणजे या लढाईचेच अपत्य. खिडकीतून बोट दाखवले आणि पुढचे नागपुरात सांगेन म्हणून थांबलो.

किल्ल्याच्या चढावर त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होती. छातीवर कागदी तिरंगे लावलेली पोरे, आयांच्या कडेवर तान्ही बाळे. वर गेल्यावर वारा लागतो. पूर्वेला रेल्वे स्टेशन, त्यापलीकडे महाल-इतवारीचे जुने शहर. खाली दुकानांच्या पाट्या आणि मेट्रोचे उंच खांब. आजचा तट, दरवाजे, बराकी हे सारे लढाईनंतरचे, इंग्रजांनी बांधलेले. माधव हिरमुसला. त्याला वाटले होते, याच भिंतींवरून तोफा उडाल्या. मी म्हटले, भिंती विसर, पायाखालचा दगड पाहा. तो तेवढाच तेव्हाचा आहे.

२६ नोव्हेंबरला दिवस मावळताना खालच्या घरांतून अरबांनी बंदुका सुरू केल्या. रात्रभर गोळीबार चालला. लहान टेकडीवरच्या शिपायांना तेथून हलता येईना आणि टिकताही येईना. सकाळी अरबांनी एकदम चढाई करून ती टेकडी घेतली, तेथली तोफ फिरवली आणि मोठ्या टेकडीवर डागली. मोठ्या टेकडीवर माणसे पटापट पडू लागली. रेसिडेंटचा पहिला मदतनीस सॉथबी तेथेच ठार झाला. खाली अरब शिपायांच्या खोपटांकडे वळले. त्या खोपटांत शिपायांच्या बायका आणि मुले होती. त्यांच्या किंकाळ्या वर ऐकू येत होत्या, असे ग्रँट डफने लिहून ठेवले आहे.

येथे सुमीने माझा हात धरला. "ती मुलं केवढी होती?" इतिहासकाराने वय लिहिलेले नाही. तुझ्याएवढीही असतील, असे मी म्हटले. तिने विचारले, "आपल्या लोकांनी त्यांना मारलं?" आणि माधवने लगेच, "आपले काहून? अरब होते ते." "पण ते आपल्या बाजूचे ना?" "आणि टेकडीवरचे शिपाई कुठले?" "मद्रासचे." "म्हणजे तेही आपलेच की!"

दोघांची जुंपली. मी मध्ये पडलो नाही. शाळेच्या पुस्तकात अशा लढाईचा निकाल एका ओळीत लागतो: इंग्रज जिंकले, भोसले हरले. त्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे इंग्रज हा शब्द पुरत नाही. गोऱ्या चेहऱ्याची माणसे वर मूठभर होती. बाकी सारे तेलंगी, तामिळ आणि हिंदुस्थानी शिपाई. त्यांतल्या एका पलटणीची कथा मला फार चमत्कारिक वाटते. मद्रासची पहिली पलटण १८०६ च्या वेल्लोरच्या बंडात सामील झाली, म्हणून तिचे नाव खोडले गेले आणि पुढे ती चोविसावी म्हणून उभी राहिली. सीताबर्डीच्या पराक्रमाबद्दल तिने बक्षीस मागितले ते पैशाचे नव्हे, आपला जुना क्रमांक परत मिळण्याचे. तो मिळाला. ज्यांच्याविरुद्ध बंड केले त्यांच्याचसाठी प्राण देऊन गेलेली अब्रू परत मिळवायची! याला काय म्हणावे ते मला आजही ठरवता आलेले नाही.

लढाई फिरली ती एका अवज्ञेने. रिसाल्याचा कॅप्टन फिट्झजेराल्ड खालच्या मैदानात उभा होता. हल्ल्याची परवानगी त्याने पुनःपुन्हा मागितली, स्कॉट नाही म्हणत राहिला. शेवटी काय होईल त्याची जबाबदारी तुझी, असा निरोप आला, आणि तो घोडे घेऊन सुटला. भोसल्यांच्या घोडदळाला मागे रेटून त्याने दोन तोफा हिसकावल्या. वरून ते पाहणाऱ्या शिपायांच्या अंगात बळ आले. तेवढ्यात लहान टेकडीवर अरबांच्या गर्दीत दारूचा स्फोट झाला. शिपाई धावून गेले आणि टेकडी परत घेतली. २७ तारखेच्या दुपारपर्यंत, म्हणजे सुमारे १८ तासांत सारे आटोपले. इंग्रजांकडचे ३६७ जण मेले किंवा जखमी झाले, चौघांतला एक. माधवने फिट्झजेराल्डची गोष्ट दोनदा ऐकली. वडीलधाऱ्यांचे न ऐकल्याने फायदा झाल्याचे उदाहरण त्याला हवेच होते, आणि मी ते आयते पुरवले. घरी त्याच्या आईने त्याबद्दल मला जे ऐकवले ते येथे छापण्याजोगे नाही.

आणि अप्पासाहेब? पराभवानंतर त्यांनी वकील पाठवून कळवले की ही लढाई आपल्या आज्ञेवाचून झाली. हे वाचताना मान खाली जाते. १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले; पण त्यांच्या फौजेने तोफा सोपवल्या नाहीत. त्याच दिवशी पुन्हा लढाई झाली, आणि ती हरल्यावरही अरबांनी शहर सोडले नाही. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर चालून आलेल्या इंग्रजांना त्यांनी परतवले आणि ३० तारखेला अटी ठरवून मगच ते बाहेर पडले. तो दरवाजा महालात आजही उभा आहे. त्याला आता गांधी गेट म्हणतात. सायंकाळी पोरांना तेथे नेले. धन्याने हात टेकल्यावर आठवडा-दोन आठवडे त्याची राजधानी धरून ठेवणारे हे परदेशी अरब गोट्याला फार आवडले. तो कमानीखालून तीन वेळा आत-बाहेर पळाला.

मार्च १८१८ मध्ये अप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादेकडे नेत होते. १३ मेच्या रात्री ते शिपायाचा पोशाख चढवून पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. जो माणूस राजवाड्यात डळमळत होता, तो रानात मात्र चिवट निघाला. तेथून असीरगड, तेथून पंजाब, शेवटी जोधपूर. १८४० साली तेथेच वारले. सुमीला मी म्हटले, आता तूच ठरव वाईट की चांगला. तिने उत्तर दिले नाही. गाडीत झोपण्यापूर्वी मात्र म्हणाली, "परसोजीला कुणीच विचारलं नाही, त्याला राजा व्हायचं होतं का."

त्याच १८१८ साली आपल्याकडेही ठिणगी पडली होती. गोंदिया तालुक्यातल्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले. कॅप्टन गॉर्डन त्यांच्यावर चालून आला, आणि पटेल लढून पकडले गेले. कामठी आणि कामठा या नावांत नागपूरकरांचा नेहमी घोटाळा होतो. कामठी ही जिंकणाऱ्यांची छावणी, कामठा हे न जुमानणाऱ्यांचे गाव, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. परतीच्या गाडीत हे माधवला सांगितले, तेव्हा तो ताडकन उठून बसला. आपल्या इतक्या जवळ लढाई झाली आणि आधी तिकडे का नेले नाही, असा त्याचा सवाल होता. दिवाळीच्या सुटीत जायचे ठरले आहे. धान कापणीला आलेले असेल, बांध्यांतले पाणी उतरलेले असेल, आणि पोरांना बांधावरून चालता येईल. सुमीने या वेळी वही सोबत घ्यायची असे आत्ताच बजावून ठेवले आहे. पुऱ्या मात्र चार जास्त घ्याव्या लागतील.