पंधराव्या वर्षीचं हृदय : सत्तर वर्षांत धोका कसा बदलला?

"हार्ट अटॅक तर पन्नाशीनंतर येतो. मग आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाचं बीपी कशाला बघायचं, डॉक्टर?" असं पालक अनेकदा विचारतात. या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

एके काळी मुलांचा हृदयविकार म्हणजे प्रामुख्याने ऱ्हुमॅटिक ताप. आधी घसा दुखायचा, मग सांधे सुजायचे आणि शेवटी हृदयाच्या झडपा खराब व्हायच्या. पेनिसिलिन आणि सुधारलेलं राहणीमान यांमुळे श्रीमंत देशांत हा आजार मागे हटला. आपल्याकडे तो अजून पूर्ण गेलेला नाही. रक्तवाहिन्यांत चरबी साठणं हा मात्र उतारवयाचाच आजार समजला जाई.

सैनिकांच्या हृदयांनी काय सांगितलं?

१९५३ साली या समजुतीला धक्का बसला. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली. त्यांचं सरासरी वय होतं अवघं २२ वर्षं. तरीही सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. याचा अर्थ सुरुवात त्याच्याही आधी, किशोरवयात झालेली असणार.

मग १९७३ मध्ये लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या छोट्या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी मुलांचं वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मोजायला सुरुवात केली. हे काम पुढे अनेक दशकं चाललं. त्यातली काही मुलं अपघातात किंवा अन्य कारणांनी तरुणपणीच दगावली. त्यांच्या शवविच्छेदनांचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याच्यात धोक्याचे घटक जास्त, त्याच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थरही जास्त, असं त्यांत स्पष्ट दिसलं.

एक धोका उतरला, दुसरा चढला

धोक्याचे घटक मात्र तेच राहिले नाहीत. अमेरिकेतलेच आकडे पाहा, कारण तिथे ही मोजणी वर्षानुवर्षं झाली आहे.

• धूम्रपान : १९९७ मध्ये हायस्कूलच्या सुमारे ३६ टक्के विद्यार्थ्यांनी आदल्या महिन्यात सिगारेट ओढली होती. २०१९ मध्ये हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. मात्र तोवर ई-सिगारेटने शिरकाव केला होता.
• कोलेस्टेरॉल : ६ ते १९ वर्षांच्या मुलामुलींची सरासरी १९९९ ते २०१६ या काळात १६४ वरून १५५ वर उतरली.
• लठ्ठपणा : १९७६-८० मध्ये १२ ते १९ वयोगटात ५ टक्के होता, २०१७-१८ मध्ये २१ टक्के झाला.
• रक्तातली साखर : मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली किंवा मधुमेह झालेली किशोरवयीन मुलं १९९९-२००० मध्ये ९ टक्के होती, २००७-०८ मध्ये २३ टक्के.

म्हणजे सिगारेट आणि कोलेस्टेरॉलच्या आघाडीवर जे कमावलं, ते वजन आणि साखरेच्या आघाडीवर गमावलं जात आहे.

आपल्याकडे वेगळं काय?

भारतात २०१६-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची सुमारे २४ टक्के मुलं कृश आढळली आणि फक्त ५ टक्के जादा वजनाची. तरीही १० टक्के मुलं मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती! जादा वजनाच्या मुलांच्या दुप्पट.

याचा एक धागा पुण्याजवळच्या खेड्यांत सापडतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या बाळांशी केली. आपली बाळं वजनाने बरीच कमी होती. त्यांचे स्नायूही कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून "आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला काय होणार?" हा दिलासा खरा नाही.

मग पालकांनी काय करायचं?

घाबरायचं नाही, पण मोजायचं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०१७ च्या सल्ल्यानुसार तीन वर्षांपुढच्या मुलांचा रक्तदाब वर्षातून एकदा बघावा. तेराव्या वर्षानंतर १३०/८० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हापुन्हा आला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल किंवा मधुमेह असेल, तर कोलेस्टेरॉल आणि साखर कधी तपासायची हे आपल्या डॉक्टरांना विचारा. वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. रोज किमान तासभर घाम येईल असा खेळ हवा, आणि तंबाखू कोणत्याच रूपात नको.

बहुतेक मुलांना या वयात गोळ्या लागत नाहीत. सवयी बदलून धोका कमी करायला हातात भरपूर वर्षं असतात, आणि पन्नाशीत नेमकी तीच नसतात. म्हणून पंधराव्या वर्षी बीपी बघायचं.