प्रतिमाविकृती, जुन्या मॉनिटरवरील

संगणकाने पाठविलेली प्रतिमा मॉनिटरच्या पडद्यावर मूळ आकारात, मूळ जागी आणि मूळ रंगात न उमटता कलती, वाकलेली, ताणलेली, थरथरती किंवा डागाळलेली दिसणे म्हणजे प्रतिमाविकृती होय. काचेच्या पिक्चर ट्यूबचे मॉनिटर वापरात होते तोवर हा दोष नित्याचा मानला जाई, आणि त्याचे मूळ पुष्कळदा संचात नसून संच ठेवलेल्या जागेत असे. म्हणूनच दोष शोधण्याचा क्रम बाहेरून आत असावा लागतो : आधी जागा व आसपासच्या वस्तू, मग केबल व संगणकाची मांडणी आणि सर्वांत शेवटी संचाचा अंतर्भाग.

सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील वारणानगर परिसराच्या सत्तर गावांसाठी १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प हाती घेण्यात आला आणि ऊसउत्पादकांच्या नोंदींसाठी गावोगावच्या केंद्रांत संगणक आले. २००१ नंतर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे सातारा, कराड, मिरज, विटा यांसारख्या गावांत संगणक-वर्गांची संख्या वाढली, तर छपाईच्या धंद्यातील डीटीपीची केंद्रे त्याच्याही आधीपासून होती. या सर्व ठिकाणी चौदा-पंधरा इंची ट्यूबचे मॉनिटर असत.

ट्यूबच्या मागील निमुळत्या टोकाशी असलेल्या इलेक्ट्रॉन-बंदुकीतून निघालेले तीन झोत सुमारे २५,००० व्होल्टच्या दाबाने पडद्याकडे खेचले जातात. मानेभोवती बसविलेली योक नावाची वेटोळी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने त्यांना डावी-उजवीकडे व वर-खाली वळवितात. पडद्याच्या किंचित मागे असलेल्या जाळीच्या छिद्रांतून हे झोत जाऊन तांबड्या, हिरव्या व निळ्या फॉस्फरच्या ठिपक्यांवर आदळतात. झोत चुंबकीय क्षेत्रानेच वळत असल्यामुळे योकखेरीज इतर कोणतेही चुंबकीय क्षेत्र त्यांना थोडेफार ढळवितेच, आणि बाह्य कारणांनी होणाऱ्या बहुतेक विकृतींचे मूळ यात आहे.

अशा बाह्य क्षेत्रांतील सर्वव्यापी क्षेत्र पृथ्वीचे होय. उत्तर युरोपात त्याचा उभा घटक प्रबळ असतो. याउलट सातारा-सांगलीच्या अक्षांशावर आडवा घटक सुमारे ३८ ते ४० मायक्रोटेस्ला, तर उभा घटक त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. उभ्या घटकामुळे झोत बाजूला सरकून शेजारच्या ठिपक्यावर पडतो आणि रंग बिघडतो. आडव्या घटकाचा परिणाम संचाच्या दिशेवर अवलंबून असतो : पडदा उत्तरेस वा दक्षिणेस तोंड करून असेल तर प्रतिमा किंचित कलते, पूर्वेस वा पश्चिमेस असेल तर ती वर किंवा खाली सरकते. त्यामुळे टेबलाची दिशा बदलल्यावर प्रतिमा तिरकी झाली तर तो बिघाड समजू नये; मॉनिटरच्या मेनूमधील ‘रोटेशन’ची तरतूद त्यासाठीच असते.  

ट्यूबमधील जाळी व तिच्याभोवतीचे पोलादी आवरण यांत चुंबकत्व शिल्लक राहिले, की पडद्याच्या कोपऱ्यांत जांभळट किंवा हिरवट डाग पडतात. ध्वनिवर्धकाचे चुंबक जवळ असणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. ते दूर करून संच सुरू केल्यास आतील डीगॉस, म्हणजे चुंबकत्व घालविणाऱ्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार आणि लगेच ओसरणारा प्रत्यावर्ती प्रवाह जातो, धप्प असा आवाज होतो आणि डाग विरतो. मात्र हा प्रवाह आवरणारा थर्मिस्टर तापलेला असताना क्रिया परिणामकारक होत नाही, म्हणून लागोपाठ डीगॉसचे बटण दाबत राहणे व्यर्थ असून संच वीस-पंचवीस मिनिटे थंड होऊ द्यावा लागतो.

स्थिर डागापेक्षा थरथर ओळखणे सोपे आणि तिचे मूळ शोधणे कठीण असते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. प्रतिमा सेकंदास ६० वेळा रेखाटली जात असेल, तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून निसटणारे ५० हर्ट्झचे क्षेत्र तिला सेकंदास दहा वेळा हेलकावे देते. भारनियमनाच्या काळात प्रत्येक संगणकाला यूपीएस आणि कमी दाबावर तोड म्हणून स्टॅबिलायझर जोडलेला असे, व दोन्हींत लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर असून ते टेबलावर मॉनिटरला खेटूनच ठेवले जात. यूपीएस हातभर लांब सरकविताच हेलकावा थांबला, तर निदान पूर्ण झाले. न थांबल्यास भिंतीपलीकडे काय आहे ते पाहावे : मीटरची पेटी, विजेची मुख्य केबल किंवा पिठाच्या गिरणीची मोटर. पत्र्याचा आडोसा अशा क्षेत्रास फारसा अडवीत नाही. अंतर हाच खात्रीचा उपाय. संगणक-वर्गांत मॉनिटर एकमेकांस चिकटून मांडल्यामुळे एकाच्या योकचे क्षेत्र दुसऱ्यास ढळवी. खोलीतील इतर मॉनिटर बंद केल्यावर उरलेला एक स्थिर झाला, तर दोष मांडणीचा होय.

चाचणीसाठी परदेशी पुस्तिका चौकटींच्या जाळीचा नमुना सुचवितात. मराठी मजकूर टंकित करणाऱ्यास त्याची फारशी गरज पडत नाही. देवनागरीच्या शिरोरेषांनी पानावर आपोआपच आडव्या सरळ रेषा आखल्या जातात. वरच्या ओळीची शिरोरेषा कमानीसारखी वाकली असेल तर वक्रता, सर्व ओळी एकाच बाजूस उतरत असतील तर कल, शिरोरेषेच्या वर तांबडी व खाली निळी किनार दिसत असेल तर तिन्ही झोत एकत्र न येण्याचा, म्हणजे कन्व्हर्जन्सचा दोष समजावा. शिरोरेषा तेवढी लुकलुकत असेल आणि बाकी अक्षर स्थिर असेल, तर जुन्या ग्राफिक कार्डाने एकाआड एक ओळ रेखाटण्याची पद्धत निवडलेली असण्याचा संभव असतो. उभे दोष मात्र परिच्छेदाच्या डाव्या समासावर पाहावेत.

केबल व मांडणी यांची तपासणी थोडक्यात होते. पंधरा पिनांच्या व्हीजीए जोडणीतील एखादी पिन वाकल्यास एक रंग नाहीसा होऊन पडदा पिवळा, गुलाबी वा आकाशी दिसतो. संकालनाचा संकेत तुटल्यास प्रतिमा फिरू लागते किंवा फाटते. पडद्याचे रिझोल्यूशन बदलल्यावर प्रतिमा आक्रसली, तर त्या मांडणीसाठी रुंदी व उंची नव्याने लावून ठेवावी लागते, कारण मॉनिटर प्रत्येक मांडणीची मापे स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो. ट्रिनिट्रॉन प्रकारच्या ट्यूबवर दिसणाऱ्या एक-दोन बारीक आडव्या छाया हा दोष नसून त्या जाळीच्या तारा स्थिर ठेवणाऱ्या धाग्याच्या असतात.

एवढे करूनही विकृती राहिली तर अंतर्भाग तपासावा लागतो. पडद्यावर उजळ खिडकी उघडताच प्रतिमा फुगत असेल, तर उच्च दाबाचा पुरवठा कमकुवत झालेला असतो. बाजू आत दबल्या किंवा बाहेर फुगल्या असतील, तर पिनकुशन दुरुस्तीचे मंडल वा सुकलेले कपॅसिटर हे कारण असते. सारी प्रतिमा मिटून मध्यभागी एकच आडवी लखलखीत रेषा उरली, तर बहुधा उभ्या वळणाच्या आयसीचे टाके सुटलेले, म्हणजे कारागिरांच्या बोलीत ‘ड्राय सोल्डर’ झालेले असतात. अशी रेषा दिसताच संच बंद करावा, नाहीतर ट्यूबवर कायमचा चट्टा पडतो. महाबळेश्वर-पाटणकडील पावसाळी दमटपणात ‘ईएचटी’, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीभोवती ठिणग्यांची तडतड ऐकू येते व प्रतिमा क्षणोक्षणी दचकते, तर माण, जत, आटपाडी या कोरड्या भागांत धुळीचे थर पहिल्या सरीनंतर तोच परिणाम घडवितात. ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब शिल्लक राहू शकत असल्याने मागील झाकण काढणे हे प्रशिक्षित कारागिराचेच काम होय. कृष्णेच्या २००५ किंवा २०१९ सारख्या पुरात भिजलेला संच वाळल्यासारखा दिसला तरी सुरू करून पाहू नये.

सपाट एलसीडी मॉनिटरवर चुंबकाचा असा परिणाम होत नाही. त्यावरील धूसर किंवा थरथरती अक्षरे बहुधा व्हीजीए संकेताची वेळ न जुळल्याने वा मूळ रिझोल्यूशन न निवडल्याने दिसतात आणि ‘ऑटो’ बटणाने बव्हंशी सुधारतात.

वारणा परिसरातील काही गावांत २००६ च्या सुमारास संगणकाऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांचा प्रयोग झाला, आणि पुढील काही वर्षांत ट्यूबचे मॉनिटर बाजारातून गेले. दुरुस्तीपलीकडचा संच भंगारात फोडू देऊ नये. ट्यूबच्या नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत शिसे असते, आणि १ मे २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा संच अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावा लागत असे.